आधी गाडीखाली बघा

पिकअप ही शेतावरची नाहीतर मार्केट यार्डातली गाडी, ही समजूत मुंबईत गेल्या काही वर्षांत मोडली. महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे आधीपासून होती. 2016 मध्ये इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आली, 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स. घरच्या वापराची, पांढऱ्या नंबरप्लेटची पिकअप गिरगाव-दादरच्या रस्त्यांवरही दिसू लागली. अशा गाड्या घेणाऱ्यांची पहिली चौकशी बहुधा वरून काय बसवता येईल याचीच असते. या गाडीवर पहिला खर्च खालून करायचा असतो, हे मी आमच्या गाडीवर शिकले. म्हणून हे लिहिते आहे.

आमची वाडी राजापूरजवळ आणि बिऱ्हाड गिरगावात. जाताना लाद्या, पाइप, पंप. येताना आंब्याच्या पेट्या, तांदूळ, फणस. कारमध्ये हे मावत नाही आणि दरवेळी टेंपो परवडत नाही. म्हणून दोन ओळींच्या केबिनची जुनी डिझेल पिकअप घेतली. आधीचा मालक हौशी. त्याने सस्पेन्शन वर उचललं होतं, टायर मोठे घातले होते, पुढे लोखंडी गार्ड, टपावर एलईडीची लांब पट्टी. दिसायला गाडी रुबाबदार. ताबा घेतल्यावर मी ती लालबागच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. जमिनीवर गोणपाट अंथरलं, खाली सरकले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही पण या. मी सांगण्यापेक्षा डोळ्यांनी बघा."

मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंत एक बारीक दांडी जाते, ती त्यांनी दाखवली. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह या दांडीवर चालतो. हौदा रिकामा असला की चासी अ‍ॅक्सलपासून वर असते. तेव्हा मागच्या चाकांवर वजन नसतं, ब्रेक जोरात लागला तर ती लॉक होऊन गाडी फिरेल, म्हणून व्हॉल्व्ह तिथला दाब कमी ठेवतो. हौदा भरला की पाटे दबतात, चासी खाली येते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला पुरता दाब मिळतो. आता गाडी पाट्यांखाली ठोकळे घालून उचलली आणि दांडी तशीच ठेवली, तर माल भरल्यावरही व्हॉल्व्हला हौदा रिकामाच वाटतो. आमच्या गाडीत नेमकं हेच होतं. ताबा घेतला त्याच आठवड्यात लाद्या भरून पावसात लालबाग उड्डाणपुलावरून उतरताना गाडीचं नाक खाली दबलं होतं आणि थांबायला भलतंच अंतर लागलं होतं. मी ते ओल्या रस्त्यावर ढकलून मोकळी झाले होते. कारण गाडीच्या पोटात होतं.

उचललेली पिकअप घेणार असाल किंवा उचलणार असाल, तर ही एकच गोष्ट आधी विचारा: मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह नव्या उंचीला जुळवला आहे का? काम करणाऱ्याला प्रश्नच कळला नाही, तर त्याच्याकडे गाडी देऊ नका. आम्ही ठोकळे काढले, मूळ उंची आणली, झिजलेले बुश आणि शॉकअब बदलले, यू-बोल्ट नवे घातले आणि थोडे दिवस चालवल्यावर ते पुन्हा आवळून घेतले. पाटे नुकतेच बसवलेले असताना हे दुसरं आवळणं बरेचजण विसरतात. जादा पाटा घालण्याचा सल्लाही हमखास मिळतो. त्याने गाडी माल भरल्यावर कमी बसते, पण गाडीची वजन उचलायची क्षमता वाढत नाही. ती चासी, अ‍ॅक्सल, ब्रेक आणि टायर मिळून ठरते आणि कागदावर लिहिलेली असते. रिकाम्या गाडीत मात्र प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जातो.

टायरचा हिशेब साधा आहे. मूळ टायर 245/70 आर 16, त्याचा व्यास साधारण 749 मिलिमीटर. बसवलेला 265/75 आर 16, म्हणजे 804 मिलिमीटर. फरक सात टक्क्यांहून जास्त. मीटर 78 दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात 83-84 ने पळते. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मर्यादा 80 ची, आणि ई-चलन काढणारा कॅमेरा तुमच्या मीटरकडे बघत नाही. शिवाय वळताना टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासतो, आणि फणसवाडी-मुगभाटाच्या गल्ल्यांत स्टिअरिंग कडेपर्यंत फिरवल्याशिवाय एकही वळण निघत नाही. टायरमधल्या हवेचे दोन आकडे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असतात, एक रिकाम्या गाडीचा आणि एक भरलेल्या. पिकअपमध्ये या दोन आकड्यांत चांगलाच फरक असतो. माल भरायच्या आधी हवा भरा, आणि उतरवल्यावर कमी करा.

कायद्याचं सांगते, कारण दुकानात कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की आरसीतला, म्हणजे उत्पादकाने दिलेला, तपशील बदलेल असा फेरफार मालकाने करायचा नाही. 9 जानेवारी 2019 रोजी केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ नव्या रूपात आलं: परवानगी नसलेल्या फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलं. ते योग्यच आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. गार्ड तो धक्का सरळ चासीत नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवतो. आणि समोर माणूस असेल, तर त्याला लोखंडच लागतं. गिरगावात फुटपाथ फेरीवाल्यांनी भरले की माणसं रस्त्यावरूनच चालतात. आमचं गार्ड पहिल्याच दिवशी निघालं.

काचांचा नियमही लक्षात ठेवा: पुढून आणि मागून किमान 70 टक्के, बाजूंनी 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. रंग बदलायचा असेल तर आधी ताडदेव आरटीओत अर्ज. विमा कंपनीला प्रत्येक बसवलेली वस्तू लेखी कळवा आणि तिची पोच ठेवा. पांढऱ्या प्लेटच्या गाडीतून कुणाचा माल पैसे घेऊन नेऊ नका, "फक्त डिझेलचे देतो" म्हणणाऱ्या नातेवाइकाचासुद्धा. भाड्याने वापर दिसला की विम्याचा दावा तिथेच अडकतो.

टपावरची एलईडी पट्टी 120 वॉटची होती. 12 व्होल्टवर म्हणजे दहा अ‍ॅम्पिअर. ती बारीक वायरने थेट बॅटरीला जोडलेली, मध्ये ना फ्यूज ना रिले, आणि वायर केबिनच्या पत्र्यातून जाते तिथे रबरी बुचसुद्धा नाही. पत्र्याच्या धारेवर वायरचं आवरण अर्धं कापलं गेलं होतं. अजून एक पावसाळा आणि तिथे ठिणगी पडली असती. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात चांगलं सामान मिळतं, पण सामान चांगलं असून भागत नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, वायरची जाडी विजेच्या प्रवाहानुसार हवी, आणि नवी जोडणी कुठून कुठे गेली याचा हाताने काढलेला नकाशा गाडीत ठेवा. चाळीखाली, रस्त्यावर गाडी उभी करणाऱ्यांना उंदीर-घुशींचा त्रास असतोच. बॉनेटखाली मोकळ्या लोंबणाऱ्या वायरी त्यांना आधी सापडतात. त्या पन्हळीदार पाइपातून न्या आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा.

आता पाणी. पिकअप उंच आहे म्हणून हिंदमाताला पाण्यात घालणारे दर पावसाळ्यात दिसतात. पालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्यापासून तिथलं पाणी लवकर ओसरतं, पण भरतीच्या वेळी मोठी सर आली की परळ-दादरचा खोलगट भाग अजूनही भरतो. इंजिन हवा ज्या तोंडातून घेतं ते बहुतेक गाड्यांत बॉनेटच्या पुढच्या कडेला असतं. समोरून बस आली की तिची लाट तिथपर्यंत पोचते. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं आणि पिस्टन वर आला, की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेल्या गाडीची किल्ली पुन्हा फिरवली की दुरुस्तीचं बिल इंजिनच्या किमतीला जाऊन भिडतं, आणि साधी विमा पॉलिसी हे नुकसान सहसा देत नाही; त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. गाडी बंद पडली तर किल्ली काढा, ढकलून कोरड्या जागी आणा, टो करून न्या. तितकंच.

उंच नळकांडं, म्हणजे स्नॉर्केल, बसवल्याने प्रश्न सुटला असं समजू नका. खालच्या एअर फिल्टरच्या डब्याचे सांधे आणि पाणी निघायचं भोक बंद नसेल, तर पाणी तिथून आत जातं. त्याहून कितीतरी स्वस्त आणि उपयोगी काम म्हणजे अ‍ॅक्सलच्या ब्रीदरची नळी उंचावर नेणं. चालून तापलेला डिफरन्शिअल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. ऑइल दुधाळ होतं, काही महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागतं, आणि तोवर त्या पाण्याची आठवणही राहत नाही. पाण्यातून गाडी गेली असेल तर डिफरन्शिअलचा नट सैल करून ऑइलचा रंग बघाच. ही कामं एप्रिलमध्ये उरका. 2025 मध्ये पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला होता आणि मे अखेरची वेळ घेतलेल्यांच्या गाड्या गॅरेजबाहेर भिजत उभ्या होत्या.

समुद्र जवळ असल्याची किंमत हौदा मोजतो. आमच्या हौद्यात काळं प्लास्टिकचं अस्तर होतं, वरून छान. काढलं तेव्हा खाली पत्र्याला जागोजागी फोड आलेले. प्लास्टिक हलतं, रंग घासतं, आणि त्याखाली खारट ओल महिनोन्‌महिने राहते. आम्ही गंज खरवडून प्रायमर मारला, फवारणीचं रबरी लेपन करून घेतलं आणि वर काढता येणारी जाड रबरी मॅट टाकली. फाळक्याच्या बिजागऱ्यांना ग्रीस, आणि चासीच्या खालच्या भोकांत अडकलेली कोकणची लाल माती गोड्या पाण्याने धुऊन काढणं, हे दर खेपेनंतर. भोकं बुजली की चासी आतून सडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

1 एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 डिझेल पिकअप असेल, तर धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचाही विचार करा. दादरहून भायखळा, भायखळ्याहून घर, अशा तुटक वापरात तो तापतच नाही आणि काजळी जळत नाही. दिवा लागायची वाट न बघता अधूनमधून गाडी शिवडीहून अटल सेतूवर घाला आणि एका वेगात पळवा. तो फिल्टर काढून देतो म्हणणारे भेटतील. तेही बेकायदा आहे, आणि त्या धुराची झळ आपल्याच चाळीतल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना बसते.

गणपतीत पिकअपवाल्याला सगळा शेजार ओळखतो. परळच्या कार्यशाळेतून आमच्या चाळीची मूर्ती याच गाडीतून येते, आणि गाडी उचललेली नसल्याचं मोल तेव्हा कळतं: हौदा जितका खाली, तितकी मूर्ती कमी डुलते आणि वरच्या केबलींना कमी भिडते. पट्टे मूर्तीला बांधायचे नाहीत, खालच्या पाटाला बांधायचे, आणि पाट हौद्याच्या चारही कड्यांना. पाटाखाली गादी नको, ती दबून बाजूला सरकते; जाड रबर पुरतं. मूर्तीला धरायला म्हणून हौद्यात उभं राहायची मुलांची इच्छा असते. मी कुणालाही चढू देत नाही. अचानक ब्रेक लागला तर ती मूर्तीवर पडतील किंवा रस्त्यावर, आणि हौद्यातल्या माणसांना माझ्या विम्याचा आधार नाही. केबिनमध्ये जितके पट्टे तितकी माणसं, बाकीची ढोलताशाबरोबर चालत येतात.