भेकर व त्याचे पाडस

खारघराहून पनवेल ओलांडून पुढे गेले म्हणजे कर्नाळ्याचा किल्ला लागतो. त्याच्या पायथ्याचे रान १९६८ साली पक्ष्यांकरिता अभयारण्य ठरले. पण तेथे पक्ष्यांखेरीज भेकर नावाचे लहान हरीणही राहते. रानात जाणाऱ्या आमच्या वाचकांस त्याची ओळख असावी म्हणून हा पाठ आम्ही लिहीत आहो.

भेकर रंगाने तांबूस असून खांद्याशी सुमारे दीड हात उंच असते. गाईबैलांची शिंगे जन्मभर टिकतात. हरणाची शिंगे भरीव हाडाची असून गळून पडतात व पुन्हा नवी येतात. भेकराच्या नराची शिंगे आखूड असतात, आणि भांडणात तो वरच्या जबड्यातील सुळ्यांचाच अधिक उपयोग करितो. पाला, गवत व गळालेली फळे खाऊन हा प्राणी रवंथ करितो. तो बहुधा एकटा राहतो, व बिबट्याचा सुगावा लागताच कुत्र्यासारखा भुंकू लागतो.

मादीस सुमारे सहा-सात महिन्यांनी बहुधा एकच पाडस होते. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके असल्यामुळे ते उन्हाच्या कवडशांत दिसून येत नाही. आई त्यास झुडपात लपवून चरावयास जाते, व पाजण्यापुरती परत येते. ती सतत जवळ राहिली तर शत्रूस ठिकाण कळेल. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीची हरिणीही असेच करिते.

येथेच दयाळू माणसाच्या हातून घात होतो. एकटे पाडस पाहून तो त्यास पोरके समजतो, घरी आणितो व गाईचे दूध पाजितो. ते न मानवून पाडस पुष्कळदा मरते. इकडे आई त्यास शोधीत फिरते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्यास पकडणे गुन्हा आहे.

तर वाचकहो, पाडस दिसल्यास हात लावू नये. कुत्रे व मुले दूर न्यावी आणि मुकाट्याने निघून जावे. ते जखमी असेल, किंवा आई मेलेली आढळेल, तर वनरक्षकास कळवावे. दया चांगली खरी, पण तिला ज्ञानाची जोड हवी.

प्रश्न :
१. गाईच्या व हरणाच्या शिंगांत भेद कोणता?
२. आई पाडसास एकटे का ठेविते?
३. असे पाडस आढळल्यास आपण काय करावे?