परवलीचा शब्द
रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील एखाद्या घरी आईचा मोबाईल मुलाच्या हाती असतो. अनोळखी आवाज म्हणतो, "बक्षिसाचे पैसे हवेत ना? मग पिन टाक." मुलास येथे एकच गोष्ट ठाऊक हवी: २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत पैसे घेण्यास पिन लागतच नाही, पिन ही देण्याची संमती होय. परवलीचा शब्द येणाऱ्याने सांगावयाचा असतो. तोच तो विचारू लागला, तर तो कोण हे उघड आहे.

तरीही पैसे गेले, तर मूल बहुधा माराच्या भीतीने गप्प बसते, आणि तेवढ्या अवधीत रक्कम खात्यामागून खात्यात सरकत राहते. आईवडिलांनी रागवावयाचे ते उद्या रागवावे. आज १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. चोरट्यांनी रक्कम काढून घेण्यापूर्वी वार्ता पोहोचली, तर बँकांना ती वाटेतच रोखून धरता येते.