व्हॅन बास्टेनचा घोटा



आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेच्या आदल्या दिवशी नववीतला एक मुलगा लंगडणे लपवत सराव करीत होता. बूट काढायला लावला, तर घोटा टम्म सुजलेला. त्याला संघातून वगळले. तो आणि त्याचे वडील, दोघेही माझ्यावर नाराज आहेत. "एवढ्याशाने काय होते, सर?" या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी इथे देत आहे.

हॉलंडच्या मार्को व्हॅन बास्टेनने २५ जून १९८८ रोजी म्युनिकच्या ऑलिम्पिक मैदानावर युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध एक गोल केला. लांबून आलेला चेंडू जमिनीवर न टेकू देता, जवळजवळ गोलरेषेच्या कोनातून मारलेला! मी क्रिकेटचा माणूस, पण तो गोल मीही पुन्हा पुन्हा पाहतो. वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा 'बॅलन डी ओर' त्याला तीनदा मिळाला : १९८८, १९८९ आणि १९९२.

मात्र घोट्याचे दुखणे त्याआधीच सुरू झाले होते. डिसेंबर १९८६ मध्ये अयॅक्स संघाकडून खेळताना प्रतिस्पर्ध्याला अडवायला तो स्वतःच घसरत गेला आणि उजवा घोटा दुखावला. प्रशिक्षक योहान क्रायफ यांनी सरावातून सवलत दिली, पण युरोपीय सामने खेळायला हवेत असे ठरले. मे १९८७ मध्ये अथेन्सला त्याच्याच हेडरने अयॅक्सने चषक जिंकला. सगळे खूश! त्याच वर्षी मिलान संघात गेल्यावर मात्र शस्त्रक्रिया करावी लागली आणि पहिल्या हंगामात तो मोजकेच सामने खेळला.

आता थोडे शरीरशास्त्र. सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. (माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, आम्ही तिला 'उपास्थि' म्हणत असू.) तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून झिजली की ती नीट भरून येत नाही. वेदना कळवणाऱ्या नसाही नसतात, म्हणून आत झीज चालू असूनही खेळाडूला ती कळत नाही. अस्थिबंध सैल झालेला सांधा डळमळतो आणि प्रत्येक उडीला कूर्चा आणखी घासली जाते.

२६ मे १९९३. पुन्हा म्युनिक, पुन्हा तेच मैदान. मार्सेलविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटची काही मिनिटे उरली असताना त्याला बाहेर काढले. वय २८. तो त्याचा शेवटचा स्पर्धात्मक सामना ठरला. त्यानंतर दोन वर्षे उपचार झाले. त्या काळात रात्री आपण रांगत, सेकंद मोजत न्हाणीघरापर्यंत जात होतो, असे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिले. ऑगस्ट १९९५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. साध्या कपड्यांत मिलानच्या मैदानाला फेरी मारून तो प्रेक्षकांचा निरोप घेत होता, तेव्हा प्रशिक्षक फाबियो कापेल्लो यांना रडू आवरले नाही. नंतर शस्त्रक्रियेने घोट्याची हाडे एकमेकांना जोडून टाकली. वेदना गेली, सांध्याची हालचालही गेली.

आमच्या मुलाचा अस्थिबंध ताणला गेला आहे. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली आहे. सध्या तो मैदानाबाहेर बसून गुण लिहितो आणि मला नमस्कार करायचे टाळतो.

— प्राचार्य