आधी वर बघ

मनू, फ्लॅट आवडलाय हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. हॉल मोठा, उजेड भरपूर, एजंट गोडबोल्या. पण टोकनचा चेक लिहिण्याआधी माझं थोडं ऐक. ताई म्हणून राहू दे, घरं मोजून पोट भरणारी बाई म्हणून ऐक.

हॉल एवढा मोठा कसा, हे विचारलंस का? परत जाशील तेव्हा आधी वर बघ. खिडकीच्या चारेक फूट अलीकडे छताखाली आडवा बीम उतरलेला दिसला, तर बाहेरची भिंत बहुधा तिथेच होती. पलीकडची ती बाल्कनी. फरशीची रेघ बदलते का, कोपऱ्यात पाणी जायची जाळी आहे का, तेही बघ. चार बाय दहाची बाल्कनी म्हणजे चाळीस चौरस फूट झाले गं! रेराच्या 2016 च्या कायद्यात कार्पेटमध्ये घरातल्या मधल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. म्हणजे किचनची भिंत पाडली म्हणून कार्पेट वाढत नाही, नि बाल्कनी आत ओढली म्हणूनही नाही. भाव मात्र तुझ्याकडून पूर्ण हॉलचा मागतील. बंद करायची परवानगी घेतली असेलही, पण मग ते पत्र दाखवा म्हणावं.

आम्ही हेच लेझर स्कॅनरने शोधतो. तिपाईवरचं यंत्र गोल फिरतं, सेकंदाला लाखो बिंदू टिपतं आणि खोली जशीच्या तशी पडद्यावर उभी करतं. जुनं स्कॅन असलं तर त्यावर हे नवं बसवायचं, नाहीतर मंजूर नकाशावर. फरक पडेल तिथे लाल. पहिल्यांदा केलं तेव्हा माझं निम्मं घर लाल झालं होतं! भिंती जागच्या जागी होत्या. सोफा सरकला होता, कपाट नवं होतं, आणि दारात आजी उभ्या होत्या. दोन स्कॅन बोटभर तिरके बसले तरी सगळ्या भिंती हलल्यासारख्या दिसतात. नवं प्लॅस्टरही फरक म्हणून पुढे येतं. हे सगळं चाळून भिंत, दार, स्लॅब तेवढं उरवायचं, खरा घाम तिथे निघतो.

आणि उरलेला प्रत्येक फरक मालकीच्या नोंदीच्या कामाचा असतोच असं नाही. बेडरूमचं दार इकडून तिकडे नेलं तर मालकीला काय फरक पडतो? पण लॉबीचा तुकडा आत घेतला, शेजारची भिंत सरकवली, की दुसऱ्याच्या हक्कात पाय पडला. दोन फ्लॅट फोडून एक केला तरी कागद जोडून घेतले नसतील तर नोंदीत ते दोनच. गावच्या घराचं सरकारच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजमाप झालं ना, त्याला छप्पर दिसलं; काकांनी माजघरात घातलेली भिंत त्याला कुठून दिसणार?

स्कॅनरलाही भिंत नाही एवढंच दिसतं. कुणाला विचारून पाडली, तिच्यावर वरच्या मजल्याचा भार होता का, हे तो सांगत नाही. जुनी बिल्डिंग आहे, तेव्हा त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. त्याच्या फीवर कंजुषी करू नकोस.

तू एवढंच कर: नोंदणी झालेला करारनामा, त्यातला नकाशा, मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र माग. मूळ कागद नसतील तर झेरॉक्स चालेल, पण नकाशा हातात धरूनच खोल्या फिर. कुणी फोनच्या लेझरने मोजून दाखवलं तर अंदाज म्हणून घे, त्यावर सौदा करू नकोस.

शनिवारी मी येते, लेझर मीटर घेऊन. एजंटला मी काय काम करते ते सांगू नकोस हं, आधी त्याला बोलू दे. आणि तिथल्या वॉर्डरोबच्या आरशावर मी चादर टाकली तर हसू नकोस. सवय लागलीय, स्कॅनरला आरशापलीकडे आणखी एक बेडरूम दिसते, नि ती मात्र कुणीच विकायला काढलेली नसते.