मंदिराच्या दारापासून शेताच्या बांधापर्यंत : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

इतिहासाच्या तासाला कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे नाव निघाले की एक प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतोच : "सर, दादासाहेब कोणत्या खात्याचे मंत्री होते?" ते कधीच मंत्री झाले नाहीत, हे उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा थोडा उतरतो. राजकीय पुरुषाचे मोठेपण पदावरून मोजण्याची सवय आपल्याला इतकी जडली आहे, की खुर्ची नसलेला माणूस पुढारी कसा, हे मुलांना उमगत नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे थोडे सविस्तर उत्तर आहे. ज्या जिल्ह्यात आपले विद्यालय उभे आहे, त्याच जिल्ह्याच्या मातीत हे जीवन घडले. म्हणून त्याचा अभ्यास आपण इतरांपेक्षा अधिक जबाबदारीने करावयास हवा.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी महार कुटुंबात झाला. उच्च पदव्या, परदेशातील शिक्षण वा वकिलीची सनद यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नव्हते. होती ती गावगाड्याची अंतर्बाह्य ओळख, माणसे जोडण्याची हातोटी आणि हाती घेतलेले काम तडीस नेण्याची चिकाटी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या तरुणातील हे गुण ओळखले, आणि नाशिक जिल्ह्याच्या चळवळीचा भार त्यांच्या खांद्यावर दिला.

काळारामाचे बंद दार

२ मार्च १९३० हा नाशिकच्या इतिहासातील एक मोठा दिवस. पंचवटीतील काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी त्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. सुमारे पंधरा हजार माणसांची मिरवणूक मंदिरावर गेली, तेव्हा दारे बंद करण्यात आली होती. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांसमोर सत्याग्रहींच्या तुकड्या बसू लागल्या. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढण्याची तडजोड ठरली होती; ती पाळली गेली नाही. सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला, आणि अनेकांची डोकी फुटली.

सत्याग्रह समितीचे सचिव भाऊराव होते. सत्याग्रह म्हणजे एका दिवसाची मिरवणूक नव्हे. खेड्यापाड्यांतून माणसे आणावयाची, त्यांच्या भाकरीची सोय लावावयाची, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी लक्ष ठेवावयाचे, आणि गावी परतल्यावर ज्यांचे बलुते बंद झाले, ज्यांच्यावर बहिष्कार पडला, त्यांना धीर द्यावयाचा, हे सारे काम पडद्यामागचे असते. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, इतर कामांत गुंतले, तरी नाशिकचा लढा थांबला नाही, याचे श्रेय भाऊराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते.

या काळात बाबासाहेबांनी भाऊरावांना लिहिलेली पत्रे आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती अवश्य वाचावीत. त्यांतील ३ मार्च १९३४ चे पत्र फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी सत्याग्रह पुन्हा सुरू करावा काय, हा प्रश्न होता. बाबासाहेबांनी नकार दिला. आपल्या माणसांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा आपण उभारला नव्हता, तर त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात चैतन्य यावे म्हणून उभारला होता. तो हेतू साधला आहे. आता शक्ती राजकारण व शिक्षण यांकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली, आणि मंदिराच्या दाराचा प्रश्न कायमचा मागे पडला.

पाच वर्षे ज्या दारासमोर बसलो, त्या दाराकडे पाठ फिरवणे कार्यकर्त्याला सोपे नसते. भाऊरावांनी ते केले. दार उघडले नाही. परंतु दारासमोर बसलेली माणसे आता पूर्वीची राहिलेली नव्हती, हे त्यांनी जाणले होते.

वतनाची वेठ

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत भाऊराव नाशिक जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले. १७५ सदस्यांच्या त्या सभेत अस्पृश्य वर्गासाठी १५ राखीव जागा होत्या. याच सभागृहात १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत सभागृहावर नेला. सभागृहातील विधेयक आणि रस्त्यावरील मोर्चा ही एकाच लढ्याची दोन अंगे आहेत, हा धडा भाऊरावांनी येथे गिरवला.

दुसरा प्रश्न महार वतनाचा होता. आजच्या विद्यार्थ्यांना 'वतन' हा शब्द ऐकून इनामदारीचे चित्र दिसते. महारांचे वतन त्याच्या अगदी उलट होते. गावाचा सांगावा पोहोचवणे, सरकारी अंमलदाराचे ओझे वाहणे, सारा भरण्यासाठी लोकांना बोलावणे, हद्दीच्या खुणा दाखवणे, मेलेली जनावरे ओढणे अशी अहोरात्र कामे, आणि त्यांच्या बदल्यात जमिनीचा एक लहानसा तुकडा व बलुत्याची भाकर. तो तुकडा वारसांत वाटला जाऊन आणखी लहान होई. काम मात्र सर्वांच्या मानेवर पूर्ण राही. या जमिनीवर 'जुडी' नावाची आकारणी होती. ती वाढवण्यात आली, तेव्हा १६ ऑगस्ट १९४१ रोजी सिन्नर येथे परिषद भरून वतनदारांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली विरोध नोंदवला. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ साली. बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक १९२८ मध्ये मांडले होते. एका वेठीचा कायदा बदलण्यास तीस वर्षे लागली.

संसद आणि तुरुंग

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली, आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पोरक्या झालेल्या समाजाला आधार देण्याचे काम ज्या थोड्या लोकांवर आले, त्यांत दादासाहेब अग्रभागी होते. १९५७ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर होते. दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. पुढे १९६२ ते १९६८ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते.

परंतु त्यांच्या राजकीय जीवनाचा गाभा संसदेच्या बाकावर शोधून सापडत नाही. तो भूमिहीनांच्या सत्याग्रहात आहे. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कूळ हा जमिनीचा मालक ठरला. परंतु जो कूळही नव्हता, केवळ सालगडी वा रोजंदार मजूर होता, त्याला या कायद्याने काय मिळाले? काहीच नाही. अशा माणसांना गावची पडीक, गायरान व वनखात्याची जमीन कसण्यास द्यावी, या मागणीसाठी १९५९ साली दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. मराठवाडा, खानदेश आणि नाशिक भागातील हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले.

दुसरा लढा देशव्यापी होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्याकडे १९६४ साली मागण्यांची सनद देण्यात आली, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून अधिक सत्याग्रहींनी तुरुंगवास पत्करला, असे चळवळीच्या इतिहासात नोंदले आहे. त्यांत लेकुरवाळ्या स्त्रियाही होत्या. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावावे, बौद्धांना सवलती मिळाव्यात, किमान वेतनाचा कायदा अमलात यावा, धान्याच्या किमती आटोक्यात ठेवाव्यात आणि कसणाऱ्या भूमिहीनाला जमीन मिळावी, अशा त्या मागण्या होत्या.

या सनदेचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. २ एप्रिल १९६७ रोजी संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. १२ एप्रिल १९९० रोजी मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले. त्याच वर्षी बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. महाराष्ट्राने राज्यापुरत्या त्या १९६० सालीच दिल्या होत्या. म्हणजे दगडात, रंगात आणि शासकीय कागदात जे देता येण्यासारखे होते, ते उशिरा का होईना मिळाले. जमिनीची मागणी मात्र आजही बव्हंशी अपुरी आहे.

दुरुस्त आणि नादुरुस्त

आपल्या माणसाचा इतिहास लिहिताना केवळ गौरव करणे हा त्याच्यावर अन्याय असतो. रिपब्लिकन पक्ष स्थापनेनंतर दोन वर्षांच्या आतच फुटला. ॲड. बी. सी. कांबळे यांचा गट स्वतःस 'दुरुस्त' म्हणवू लागला, आणि दादासाहेबांचा गट ओघानेच 'नादुरुस्त' ठरला. मतभेदात तत्त्वाचा भाग होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रहाचा मार्ग सोडावा, असे सांगितले होते. मग जमिनीसाठी सत्याग्रह कसा, आणि कम्युनिस्टांशी जवळीक कशासाठी, हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. दादासाहेबांच्या बाजूने असे म्हणता येईल, की ज्याच्या गावात तलाठ्यापुढे उभे राहण्याचीही सोय नव्हती, त्याच्यासाठी घटनात्मक मार्ग कागदावरच खुला होता.

परंतु मतभेदाला दुसरेही एक अंग होते. एका बाजूस शहरात शिकलेला, वकिली करणारा वर्ग. दुसऱ्या बाजूस धोतर नेसणारे, ग्रामीण वळणाचे दादासाहेब. कमी शिकलेल्या माणसाने पुढारपण करावे काय, हा सल त्या भांडणात होता. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी आपला अपेक्षाभंग केल्याची वेदना बोलून दाखवली होती, आणि खेड्यातील भूमिहीनांची चिंता व्यक्त केली होती. ती चिंता ज्याने पुढे नेली, त्यालाच शिकलेल्यांनी कमी लेखावे, ही आपल्या इतिहासातील दुःखद गोष्ट आहे.

दादासाहेबांचे सर्वच निर्णय योग्य होते, असेही नव्हे. १९६७ च्या सुमारास यशवंतराव चव्हाण यांच्या काँग्रेसशी केलेल्या समझोत्याने पक्षाचा स्वतंत्र बाणा क्षीण झाला, आणि लढ्याची जागा जागावाटपाने घेतली. पुढील फाटाफुटीची बीजे त्यात होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आपला वारसा

आज नाशिकमध्ये दादासाहेबांच्या नावाचे सभागृह आहे. राज्य शासनाची त्यांच्या नावाने एक योजना आहे : दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची. योजना चांगली आहे. परंतु जमीन विकत घेऊन वाटावयाची असल्याने, विकणारा मिळेल तेव्हाच ती पुढे सरकते. नाव दिल्याने लढा पूर्ण होत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे आईवडील आजही दुसऱ्याच्या द्राक्षबागेत वा कांद्याच्या शेतात रोजाने राबतात. ही मुले उद्या पदवीधर होतील, नोकरीस लागतील, शहरात घर करतील. तसे व्हावे म्हणूनच ही शाळा आहे. प्रश्न एवढाच, की शिकल्यानंतर धोतर नेसणाऱ्या माणसाकडे आपण कसे पाहणार? दादासाहेबांच्या चरित्रातून एकच बोध घ्यावयाचा झाला, तर तो हा : शिक्षणाने माणूस बांधापासून दूर गेला तरी चालेल, बांधावरच्या माणसापासून दूर जाता कामा नये.

स्वाध्याय

१. सुट्टीत गावी गेल्यावर आपल्या घराचा सातबारा उतारा आहे काय, हे विचारा. असल्यास तो वाचा. नसल्यास का नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या.

२. आपल्या गावातील गायरान कोठे आहे व ते आज कोणाच्या वापरात आहे, हे शोधा.

३. १९५९ वा १९६४ च्या सत्याग्रहात गेलेल्यांपैकी किंवा त्यांच्या घरातील कोणी आपल्या गावात असल्यास त्यांच्या आठवणी टिपून ठेवा. ही माणसे थोडी उरली आहेत.

४. 'घटनात्मक मार्ग आणि सत्याग्रह' या विषयावर दोन्ही बाजू मांडणारा निबंध लिहा. आपले मत शेवटी, कारणांसह द्या.