सही करण्याआधी

अगं, चाकणच्या कंपनीत लाइन सुपरवायझर ट्रेनी म्हणून लागलीस, आनंदच आहे. पगार किती, बस कुठून सुटते, कँटीन बरं आहे का, हे सगळं तुला घरादाराने विचारून झालं असेल. मला मात्र तू बोलण्याच्या ओघात ‘प्रेस शॉपमध्ये टाकलंय’ म्हणालीस तेवढंच डोक्यात राहिलं. तेव्हा नीट बसून लिहिते. फोनवर हे बोलता येणार नाही, बाबा शेजारीच असतात आणि त्यांना ऐकून झोप लागायची नाही. मी इतकी वर्षं सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या सेफ्टी विभागातच काढली, त्यामुळे या विषयावर माझी जीभ जरा सैल सुटते, चालवून घे.

पहिल्या दिवशी तुम्हाला इंडक्शन देतील. एसी हॉल, चहा, बिस्किटं आणि न संपणाऱ्या स्लाइड. हिरवं हेल्मेट कोणाचं, पिवळं कोणाचं, आग लागली तर कुठे जमायचं, लिफ्ट वापरायची नाही. त्रिकोणाची एक स्लाइड तर येणारच: एका मोठ्या इजेमागे 29 किरकोळ इजा आणि 300 थोडक्यात हुकलेल्या घटना. 1931 साली हाइनरिश नावाच्या अमेरिकेतल्या विमा कंपनीच्या माणसाने हे मांडलं. त्याच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, तरी स्लाइड काही हलत नाही. सगळं ठीक आहे, ऐकून घे. पण शेवटी एक कागद फिरेल, नाव, विभाग, सही. तिथे थांब.

त्या कागदाची किंमत पहिल्या दिवशी कोणालाच कळत नाही. उद्या एखाद्याचं बोट गेलं की फाइलमधून सगळ्यात आधी तोच कागद बाहेर निघतो. ‘याला प्रशिक्षण दिलं होतं, ही बघा सही.’ ज्याच्या हाताला अजून बँडेज आहे त्याच्यासमोर त्याचीच सही धरलेली मी पाहिली आहे. म्हणून भांडण न करता, हसत म्हणायचं, ‘सर, एकदा मशीनवर दाखवा ना, मग लगेच सही करते.’ चांगला माणूस असेल तर खूश होईल. कुरकुरला तर तुला तिथली हवा कळली, हाही फायदाच.

मशीनवर गेलीस की काय बघायचं ते सांगते, इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पॉवर प्रेसमध्ये जड फ्लायव्हील सतत फिरत असतं आणि क्लच लागला की ती ताकद रॅमला मिळते, रॅम खाली डायवर, म्हणजे साच्यावर, येतो, पत्र्याचा भाग तयार. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील लगेच थांबत नाही, हे पहिलं लक्षात ठेव. ‘स्विच ऑफ केलाय, घाल हात’ असं म्हणणारा कितीही सीनियर असो, त्याचं ऐकायचं नाही. दुसरं म्हणजे क्लच. जुन्या पिन क्लचच्या प्रेसमध्ये एकदा स्ट्रोक सुटला की तो पुरा झाल्याशिवाय रॅम मध्ये थांबतच नाही. पिन किंवा स्प्रिंग झिजली, ब्रेक ढिला झाला की तो न सांगता दुसरा स्ट्रोकही मारतो. शॉपमध्ये ‘प्रेस डबल मारतोय’ असं अगदी सहज, पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणतात. ते ऐकलंस की त्या क्षणी प्रेस बंद करायचा. बोटं जातात ती बऱ्याचदा अशाच दुसऱ्या स्ट्रोकला, कारण माणूस तयार भाग काढायला हात आत घालून बसलेला असतो.

आता गंमत बघ. अशा पिन क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन बसवून ‘आम्ही सेन्सर लावलाय’ म्हणून ऑडिटला दाखवणारे लोक आहेत. हात आला हे सेन्सरला कळलं तरी रॅम थांबवायचा कसा, ते क्लचला कुठे येतंय? देखल्या देवा दंडवत, दुसरं काय. न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लच असेल तर मधल्या मध्ये थांबवता येतं, तिथे लाइट कर्टनचा खरा उपयोग. तिथेही तो कर्टन डायपासून किती लांब बसवलाय ते बघ. हाताचा वेग सेकंदाला 1.6 मीटर धरतात. प्रेसला थांबायला पाव सेकंद लागत असेल तर तेवढ्यात हात 40 सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे कर्टन निदान तेवढा तरी लांब हवा, खरं तर त्याहून थोडा जास्तच. टेप घेऊन मोजायला दोन मिनिटं लागतात आणि कोणी नाही म्हणत नाही.

दोन हातांची बटणं असतात. दोन्ही हात बटणावर अडकलेले असले की डायमध्ये जायला हात उरतच नाहीत, साधं आहे. आता शिफ्ट सुरू होऊन तासाभराने शॉपमध्ये एक फेरी मार आणि फक्त डाव्या बटणाकडे बघ. कुठे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, कुठे चिकटपट्टी, कुठे लाकडाची पाचर. बटण दाबूनच ठेवलेलं. काळ्या पडलेल्या चिकटपट्टीवर तेलाचे थर दिसले तर समज की ती आजची नाही, ती महिनोन्महिने तिथे आहे आणि तिच्यासमोरून रोज सगळे साहेब गेलेत. बरं, ती लावणारा पोरगा मूर्ख नसतो हं. एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण मारायचं, असं केलं की तासाला नग जास्त पडतात आणि बोर्डावर लिहिलेला आकडा गाठता येतो. तो आकडा कोणी लिहिला? तिथपर्यंत जा. चिकटपट्टी फाडून टाकणं सोपं आहे, दुसऱ्या दिवशी ती परत येते. दोन्ही हात बटणावर ठेवून किती नग निघतात ते स्वतः उभं राहून मोज आणि तो आकडा घेऊन प्लॅनिंगवाल्यांकडे जा.

हे मी तुला मुद्दाम सांगते, कारण तू तिथे शिकाऊही असशील आणि सहा महिन्यांत चार-पाच माणसांची वरिष्ठही. वरिष्ठांच्या प्रशिक्षणात खरी गोष्ट कोणी बोलत नाही. तुझ्या माणसांचं प्रशिक्षण हॉलमध्ये होत नाही. ते एका रात्री होतं. पहाटे चारला सेन्सर बिघडतो, मेंटेनन्सवाला म्हणतो बायपास करून देतो, सकाळी साडेसहाला ट्रक निघायचाय, आणि सगळे तुझ्याकडे बघतात. तिथे तू ‘आजच्या दिवस चालवून घ्या’ म्हणालीस की संपलं. त्यानंतर तू कितीही पोस्टर लाव, कितीही टूलबॉक्स टॉक घे, माणसांनी जे शिकायचं ते शिकून घेतलेलं असतं. आणि ‘बंद ठेवा, मी वर सांगते’ म्हणालीस, तरीही ते शिकतातच. तुला बोलणी खावी लागतील. खा. उशीर झाल्याचा मेल येईल, येऊ दे. फक्त एक कर, काय झालं ते त्याच वेळी लेखी कळव, वेळ टाकून. ‘अमुक प्रेसचा सेन्सर बंद, म्हणून प्रेस थांबवला.’ एवढं वाक्य पुरतं. लेखी आल्यावर ‘चालवा’ असं उलट लेखी देणारा साहेब मला अजून भेटायचाय.

मार्च आला की बघ कशी धामधूम उडते. 4 मार्च 1966 ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून 4 तारखेला सुरक्षा दिन आणि पुढे आठवडाभर कार्यक्रम. शपथ, घोषवाक्य स्पर्धा, रांगोळी. रांगोळीचं काम बायका म्हणून तुमच्याच गळ्यात पडणार, मी आधीच सांगून ठेवते. काढ हवी तर, छान येते तुला. पण त्याच आठवड्यात साहेब मोकळ्या मनाने ‘काही सूचना?’ असं विचारतात, तेव्हा त्या दोन बटणांच्या नगांचा हिशोब पुढे कर. वर्षातून तेवढा एकच आठवडा असा असतो की सेफ्टीवरच्या खर्चाला नाही म्हणायला लोक लाजतात.

डाय बदलताना रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावलेला असलाच पाहिजे. मेंटेनन्सच्या वेळी मेन स्विचला ज्याचा हात आत जाणार त्याचं स्वतःचं कुलूप, चावी त्याच्याच खिशात. सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये सगळ्यांच्या चाव्या असतील तर ते कुलूप नव्हे, शोभेची वस्तू. अंगठी काढून ठेव, साखरपुड्याची असली तरी. ती अडकली की बोटाची कातडी घेऊनच निघते, याहून जास्त वर्णन करत नाही. ओढणी नको, केसांवर जाळी. पत्रा उचलायला हातमोजे हवेत, पण ड्रिल मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत, फिरतं ड्रिल मोज्यासकट हात ओढतं. हे उलटं वाटतं, म्हणूनच नव्या लोकांना कोणीतरी मुद्दाम सांगावं लागतं. आणि बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज स्टोअरमध्ये नसतील. ‘पुरुषांचे सात नंबर घाला, दोन मोजे चढवा’ असं म्हणतील. ऐकू नकोस. ढिल्या बुटाने पाय मुरगळतो. मागणी लेखी दे, येतात.

कायद्याचं थोडं. भोपाळ 1984 च्या डिसेंबरात झालं, त्यानंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कलम 111-अ आलं. आपल्या सुरक्षेची माहिती कारखानदाराकडून मागायचा, प्रशिक्षण मिळवायचा आणि व्यवस्था अपुरी असेल तर थेट निरीक्षकाकडे म्हणणं मांडायचा हक्क त्यातून कामगाराला मिळाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेने घेतली. जिवावर बेतेल असं काही दिसलं तर मालकाच्या नजरेस आणायचा आणि निरीक्षकाला कळवायचा हक्क त्यातही आहे. आपल्याकडे निरीक्षकांची ही यंत्रणा म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, सगळे ‘डिश’ म्हणतात. उठसूट तिकडे धावायचं नाही, पण पत्ता माहीत असलेला बरा. सुरक्षा-साधनात मुद्दाम ढवळाढवळ करणारा कामगारही कायद्याने दोषी ठरतो, हेही लक्षात असू दे. तू तोंडी ‘बांध बटण’ म्हणालीस आणि त्याने बांधलं, तर अडकणार तो. म्हणून तरी म्हणू नकोस.

आता वाईट वाटेल असं लिहिते, पण कोणी शिकवत नाही म्हणून. बोट तुटलं तर पहिल्यांदा जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं, हात छातीच्या वर. हळद नाही, तंबाखू नाही, काही भरायचं नाही. तुटलेला भाग शोधायला दुसऱ्या माणसाला पाठव, कारण पहिल्याचं लक्ष रक्त थांबवण्यातून हलता कामा नये. मिळालेला भाग सलाइनने ओलसर केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळ, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांध आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेव. थेट बर्फात कधीच नाही, तसा तो भाग जोडण्यालायक उरत नाही. आणि न्यायचं ते बोट जोडायची सोय असलेल्या रुग्णालयात. जवळच्या छोट्या दवाखान्यात टाके घालून पुढे पाठवतात, त्यात तास जातात. असं रुग्णालय तुझ्या शॉपपासून कोणतं, तिथला नंबर काय, हे शॉपमधल्या फळ्यावर आधीच लिहिलेलं असायला हवं. नसेल तर तूच लिही, खडू काही महाग नाही.

हे सगळं कोणाला होतं तेही जाणून अस. सेफ इन इंडिया नावाची संस्था वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांवर ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. त्यांचं काम हरियाणाच्या गुडगाव-मानेसर पट्ट्यातून सुरू झालं, पण वाचताना आपलंच शॉप समोर येतं. पॉवर प्रेस, बोटं, आणि जखमी झालेले बहुतेक परगावाहून आलेले. आपल्याकडे तो बिहारचा असेल, ओडिशाचा असेल, नाहीतर आपल्याच लातूर-नांदेडचा. त्याला इंग्रजी स्लाइड कळलेली नसते आणि ‘समझा क्या?’ विचारलं की तो मान डोलावतो. तू ‘समजलं का’ विचारूच नकोस. ‘करून दाखव’ म्हण.

ठेकेदाराची माणसं असतील तर आणखी एक. ईएसआयची, म्हणजे राज्य कामगार विम्याची, नोंदणी अपघात झाल्यावर घाईघाईने, मागची तारीख जुळवत करायची रीत काही ठिकाणी आहे. कामावरच्या इजेला ईएसआयमध्ये पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, आणि बरं होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळतात. पण त्यासाठी माणूस कागदावर तरी हवा ना? तेव्हा तुझ्या लाइनवर नवा माणूस आला की आधी त्याचं ईएसआय कार्ड बघ, मग मशीन दाखव. कार्ड नसेल तर ठेकेदाराला फोन लाव आणि ते येईपर्यंत त्याला प्रेससमोर उभं करू नकोस.