कूलंट कमी होतंय, पण गळती दिसत नाही? हेड उघडण्याआधी हे तपासा

गॅरेज टाकताय? मग हे गिऱ्हाईक येणारच: "शाहूपुरीत फिरवतो तेव्हा काही नाही. कोकणातून करूळ घाट चढून आलो की कूलंट कमी. खाली थेंब पण नाही!"

चढावर इंजिन तापतं, दाब वाढतो, बारीक फटीतून कूलंट झिरपतं आणि गरम इंजिनवरच वाळतं. म्हणून लगेच "हेड गॅस्केट गेलं" म्हणू नका. स्वस्तापासून महागाकडे जा.

१. झाकण: इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा. रबर कडक किंवा चिरलेलं असेल तर बदला.

२. प्रेशर टेस्टर: झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप मारा, १५ मिनिटं थांबा. काटा उतरला तर होजचे जोड, रेडिएटर, वॉटर पंप बघा. वाळलेले डाग शोधा.

३. हीटर कोर: आत कार्पेट ओलं, गोडसर वास, काचेवर चिकट थर? गळती इथंच.

४. ब्लॉक टेस्ट: पेट्रोल गाडीत निळं द्रव पिवळं झालं, तर सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरतोय. आता हेडचं बोला.

आता धंद्याचं. तपासणीचे पैसे वेगळे घ्या, आणि आधीच सांगा. तपासणी फुकट ठेवली की कमाई फक्त मोठ्या कामातून होते, आणि मग साध्या झाकणाच्या जागी हेड उतरवायचा मोह होतो. तिथं विश्वास जातो.

आजचा गृहपाठ: तुमच्या दरपत्रकात पहिली ओळ 'तपासणी' लिहा, समोर आकडा टाका.